नवमीचा लाल पडदा

“आधी हात जोडा, मग बघा,” असं म्हणून धनश्रीने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाकलेली ओढणी अलगद काढली.

आम्ही चौघी-पाचजणी तिच्या टेबलाभोवती दाटीने उभ्या होतो. नवव्या माळेचा रंग लाल, त्यामुळे कुणी लग्नातला शालू काढला होता, कुणी सुनेची साडी मागून आणली होती. पण समोरचा पडदा आमच्यावरही कडी करणारा. कुंकवाचा सडा घातल्यासारखा सगळा लालभडक. मधोमध देवीचा मुखवटा. खालच्या कोपऱ्यातल्या बटणाची पणती झालेली, फोल्डरांचे नारळ झालेले. माउस हलवला की बाणाच्या जागी कमळ फिरायचं. नको असलेल्या फायली टाकायच्या टोपलीचा तिने कलश केला होता आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘निर्माल्य’.

“देव्हाराच मांडलास की गं,” शेवंता म्हणाली.

“नुसता फोटो नाही लावला मावशी, पूर्ण थीम आहे. खिडक्यांचे रंग, चित्रं, आवाज, एका दमात सगळं बदलतं. इंटरनेटवरून उतरवली काल. चालू केला की शंख वाजतो.”

पहिल्या माळेपासून तिचं हे चाललं होतं. ज्या दिवशी जो रंग, त्या रंगाची साडी आम्हाला आणि त्याच रंगाचा साज कॉम्प्युटरला. सकाळी आलं की आधी तिच्या टेबलापाशी जायचं, आज काय नवीन ते बघायचं, हा आम्हा बायकांचा नेमच होऊन गेला होता.

“आता त्याची ओटीही भरा,” मागून आवाज आला. “नाहीतर कोपायचा.”

त्या जिजी. माझी थोरली नणंद. अंगावर नेहमीचीच राखाडी साडी, वर पुरुषी स्वेटर, कानाला फडकं.

“जिजी, आज तरी लाल नेसायचं,” धनश्री म्हणाली.

“नेसले असते. पण मग मी आणि तुझा कॉम्प्युटर, कुणापुढे हात जोडायचे ते या बायकांना कळलं नसतं.”

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण पदराआड. उंच आवाजात बोलायचं नाही आणि मोठ्याने हसायचं नाही, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. तसे माझे नेम बरेच. रोजचा अध्याय वाचल्याशिवाय पाणी नाही, तिन्हीसांजेला दिवा लागल्याशिवाय घास नाही, आणि नवरात्रात नऊ दिवस पायात चप्पल नाही. जिजींचा नेम एकच होता. त्यांचे यजमान ऐन उमेदीत गेले त्या दिवशी त्यांनी देवाला हात जोडणं सोडलं, ते पुन्हा कधी जोडले नाहीत. माझ्या देवपूजेसाठी मात्र रोज पहाटे फुलं त्याच आणून ठेवायच्या. ठेवताना म्हणायच्या, “घे गं कुमुद, तुझ्या पाहुण्यांसाठी.”

रावेरच्या रस्त्यावर फिरकेसाहेबांचं केळी पिकवायचं केंद्र होतं. मी तिथे ऑफिसात फोन आणि बिलं बघायची. जिजी चेंबरांत काम करायच्या. चेंबर म्हणजे मोठाल्या बंद, गार ठेवलेल्या खोल्या, खिडकी नाही, जाड दार, आत छतापर्यंत क्रेट. हिरवी केळी आत जायची आणि चार-पाच दिवसांनी पिवळी होऊन बाहेर यायची. पिकताना केळी श्वास टाकतात, असं फिरकेसाहेब सांगायचे. तो श्वास आत साठला की माणसाला घातक. त्याला वास नसतो, रंग नसतो. म्हणून भिंतीतला मोठा पंखा ती हवा सारखी बाहेर फेकत राहायचा.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एकदा पंखा बंद पडला होता आणि जिजी चेंबरातून बाहेर येता येता दारातच बसल्या होत्या. ओठ निळे. पाणी प्यायला दिलं तर पेला धरता येईना. अर्ध्या तासाने म्हणाल्या, “काही नाही, केळ्यांची दृष्ट लागली.” मला मात्र त्या दिवसापासून धास्ती बसली. रोज सकाळी त्या स्वेटर चढवून निघाल्या की मी देवापुढे आणखी एक उदबत्ती लावायची. नवरा गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा मी नवी नवरी होते. मला मूल नाही झालं, त्यावरून घरात कुणी बोललं की जिजी आधी उठून उभ्या राहायच्या. आता घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि जिजी.

त्या प्रकारानंतरच साहेबांनी भुसावळच्या एका इंजिनीअरकडून चेंबरांत यंत्रं बसवून घेतली आणि त्यांच्या तारा धनश्रीच्या कॉम्प्युटरला जोडल्या. पडद्यावर तीन चेंबरांच्या तीन चौकटी. हवा ठीक असेल तर चौकट कोरी. बिघडली की तिच्यात लाल अक्षरं उमटायची आणि टूंटूं असं कर्कश वाजायचं, वऱ्हांड्यातल्या स्पीकरवरूनही. बसवलं त्या दिवशी इंजिनीअरने एकदा वाजवून दाखवलं, तेवढंच. नंतर कधी वाजायची वेळ आली नाही, आणि मी मनातल्या मनात त्या चौकटींनाही नमस्कार करू लागले.

तर त्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी यंत्राला विश्रांती असते. आदल्या संध्याकाळीच पंखे बंद करून, पुसूनपासून, हळदीकुंकू लावून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पूजा होईपर्यंत चालवायचे नाहीत. साहेब सकाळी फोनवर म्हणाले, “मी मळ्यात ट्रॅक्टरची आणि मोटारींची पूजा करून संध्याकाळपर्यंत येतो. नाही आलो तर काकू, चेंबरांची पूजा तुम्हीच उरका. तुमच्या हातची पावेल. मग पंखे चालू करा.”

“एका दिवसाने काही होत नाही ना साहेब?” मी विचारलं.

“आता कॉम्प्युटर आहे ना. काही असलं तर तो बोंबलेल.”

मी उपासाचा चहा घेत होते तेव्हा पहिल्यांदा घंटा वाजली.

देवळातल्या पितळी घंटेसारखी, एकदाच, खणखणीत. मागे तिचा नाद बराच वेळ रेंगाळला. मी कप खाली ठेवून हात जोडले. वऱ्हांड्यात क्रेट पुसणाऱ्या बायकांनीही हात जोडले, ते मला दारातून दिसलं.

“हा कसला गं आवाज?” मी विचारलं.

धनश्री स्वतःच चकित झाली होती. “थीमबरोबर आलेला असणार, काकू. मी लावला नाही. पण छान आहे ना?”

छानच होता. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मग पुन्हा. दुपारपर्यंत बायकांना त्याची सवय झाली. घंटा झाली की हातातलं काम थांबायचं, कपाळाला बोटं लागायची, पुन्हा काम सुरू. शेवंता म्हणाली, “आज जागृत आहे बाई ती. कुणी न वाजवता वाजतेय.” तिच्या बोलण्याने माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा म्हणावा, तर तो लवकर जाईना.

दुपारनंतर घंटा दाट झाली. नाद विरायच्या आत दुसरी. मला आमच्या गावच्या देवळातली आरती आठवली. शेवट जवळ आला की पुजारी अशी घाई करतो.

जिजी पाणी प्यायला ऑफिसात आल्या. “कुमुद, तुझी देवी आज फार घाईत दिसतेय. गाडी चुकायचीय का तिची?”

“असं बोलू नये जिजी, आजच्या दिवशी.”

“बरं, नाही बोलत.” त्यांनी पेला उपडा ठेवला. “पण हिचा आवाज जरा कमी कर गं धनश्री. डोकं उठलं.”

धनश्रीने कमळ इकडून तिकडे फिरवलं. “कुठून येतोय तेच सापडत नाही. व्हायरस तर नसेल?” तिने चेंबरांच्या चौकटी उघडल्या. त्याही लाल, देव्हाऱ्यातल्या वस्त्रासारख्या. तिन्ही कोऱ्या. “बघा. सगळं स्वच्छ आहे. हवा एकदम छान.”

मीही वाकून पाहिलं. कोऱ्या होत्या. जिजींकडे बघून माझा जीव भांड्यात पडला.

साहेब आले नाहीत. ऊन उतरलं तशी आम्ही पूजेला निघालो. मी ताम्हण घेतलं, शेवंताने फुलं, आणखी दोघी-तिघी मागे. धनश्री म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे. उद्या सुट्टी आहे, तर दसऱ्याची थीम आत्ताच लावून येते. आपट्याच्या पानांची आहे, हिरवीगार. परवा आल्या आल्या साहेब बघतील.”

एक नंबरचं चेंबर रिकामंच होतं. दार उघडलं, उंबऱ्यावर निरांजन ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. दोन नंबरात सकाळीच कच्चा माल भरलेला. तिथेही सगळं यथासांग झालं. तीन नंबर शेवटचं, वऱ्हांड्याच्या टोकाला. चार दिवसांचा माल, काठोकाठ भरलेला आणि ऐन पिकायला आलेला. जिजींनी दाराची मूठ फिरवली तसा गोड, जड वास बाहेर आला. क्रेटच्या दोन रांगांमध्ये माणूस जाईल एवढी वाट, शेवटी भिंत, आणि भिंतीत वर माळ घातलेला पंखा.

मी निरांजन उंबऱ्यावर ठेवलं. ज्योत आडवी झाली नाही, फडफडली नाही. कुणी चिमटीत धरावी तशी गेली.

“वारा,” शेवंता म्हणाली.

मी पुन्हा लावलं. हातात होतं तोवर नीट जळत होतं. खाली ठेवलं आणि गेलं.

नऊ दिवस माझ्या घरचा अखंड दिवा मी डोळ्यांत तेल घालून जपला होता, आणि नवमीला माझ्या हातचा दिवा दोनदा विझला. अनवाणी पायांना उंबऱ्याची फरशी गार लागत होती. तेवढ्यात स्पीकरवर घंटा झाली. आमच्या डोक्यावरच. बायकांचे हात जोडले गेले.

“आत बोलावतेय ती,” शेवंता हळूच म्हणाली. “दारातली पूजा नकोय तिला. आत जाऊन करा काकू.”

“नको,” मी म्हणाले. “दिवा राहत नाहीये. दिवा नको म्हणतोय.”

“मग घंटा कशाला वाजवेल?”

देवळात पाऊल टाकताना आपण घंटा वाजवतो. घंटा झाली म्हणजे आत यायचं, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. आणि विझलेला दिवा म्हणजे मागे फिरायचं, हेही तितकंच ठाऊक. माझ्या उभ्या जन्मात या दोन्हींनी एकाच वेळी मला दोन दिशांना कधी ओढलं नव्हतं.

“दिवा जा म्हणतो, घंटा ये म्हणते,” जिजी म्हणाल्या. “आधी त्यांना आपसांत ठरवू दे. अंधार पडायच्या आत घरी जायचंय आपल्याला.” त्यांनी उंबऱ्यावरचं निरांजन उचललं, काडी ओढली. “दारात झोत येतो, म्हणून विझतं. भिंतीशी ठेवते, तिथे नाही विझायचं.”

“जिजी, राहू द्या.”

“राहू दिलं तर तू उद्या दसऱ्याला तोंड उतरवून बसशील, वर्षभर म्हणशील दिवा विझला, दिवा विझला. मला तुझं ते तोंड बघवत नाही.”

“जिजी, नका जाऊ.”

हेही मी हळूच म्हणाले. माझ्या आवाजाला मोठं होणं माहीतच नव्हतं. त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. त्या ज्योतीवर तळहात धरून, क्रेटच्या रांगांमधून चालत गेल्या. छातीशी धरलेली ज्योत लहान झाली, पण जळत होती. भिंतीशी पोचून त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. मग दिवा ठेवायला वाकल्या.

ज्योत गेली. आत अंधुक होतं, तरी दारातून जाणाऱ्या उजेडात त्यांची पाठ दिसत होती. त्या गुडघ्यांवर बसल्या. मग दोन्ही हात पुढे टेकले. मग कपाळ.

“बघा,” शेवंता म्हणाली. “जिजींनी नमस्कार घातला.”

वर घंटा वाजली. बायकांनी हात जोडले. माझ्या हातात ताम्हण होतं, नाहीतर माझेही जोडले गेले असते. माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी.

“काकू,” वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून धनश्री पळत येत होती. तिच्या तोंडून शब्द नीट फुटत नव्हते. “आत कुणी जाऊ नका. तीन नंबर. लिहिलंय. लिहिलेलंच होतं.”

मी ताम्हण टाकलं. ते फरशीवर आपटल्याचा आवाज आजही मला घंटेहून मोठा वाटतो. श्वास धरून मी आत शिरले. वाट लांबत गेली. जिजींचा पाय हाताला लागला तेव्हा माझ्या छातीत आग झाली आणि नकळत मी श्वास घेतला. डोळ्यांपुढे सगळं फिरलं. मागून माझ्या कमरेला शेवंताचे आणि धनश्रीचे हात पडले. मी जिजींना सोडलं नाही, त्या दोघींनी मला सोडलं नाही, अशा एकमेकींना ओढत आम्ही वऱ्हांड्यात आलो. जिजींना उताणं केलं. कपाळावर निरांजनाचं तेल आणि काजळी लागली होती. ओठ उन्हाळ्यात झाले होते त्याहून निळे.

कुणीतरी पंखे सुरू केले. झेंडूची माळ त्यात सापडून तिचे तुकडे बाहेर उडाले.

गाडीसाठी फोन करायला मी ऑफिसात धावले. पडद्यावर आपट्याची पानं होती, हिरवीगार, दसऱ्याची. त्यावर चेंबरांच्या चौकटी. एक आणि दोन कोऱ्या. तीन नंबरची चौकट लाल अक्षरांनी वरपासून खालपर्यंत भरलेली होती. ‘हवा खराब. आत जाऊ नये.’ त्याखाली, ‘हवा खराब. आत जाऊ नये.’ सकाळी मी चहा घेत होते तेव्हापासूनची प्रत्येक ओळ तिथे होती. लाल पडद्यावर लाल अक्षरं, कुणाला दिसणार होती? फोनचा नंबर फिरवताना माझी नजर तिथेच खिळली होती. घंटा वाजली. आणि वाजली त्याच क्षणी सगळ्यात खाली एक नवी ओळ उमटली.

त्या टूंटूंच्या जागी लाल थीमने घंटा बसवली होती, आणि नव्या थीमला स्वतःचे आवाज नसल्याने ती तशीच राहिली होती. दिवसभर तो कॉम्प्युटर बोंबलत होता, आणि दिवसभर आम्ही हात जोडत होतो.

जिजी सावद्याच्या दवाखान्यापर्यंतही पोचल्या नाहीत. गाडीत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

पुढचे दिवस भेटायला येणाऱ्यांचे. जो येई तो एकच म्हणे. नवमीचा दिवस, हातात दिवा, आणि देवीला नमस्कार घालता घालता गेली. असं मरण मागून मिळत नाही. आयुष्यभर देवाशी अबोला धरला, शेवटी तिनेच जवळ ओढून घेतली. शेवंताने पाहिलं होतं, बाकीच्यांनी पाहिलं होतं, आणि प्रत्येकीच्या सांगण्यात घंटा थोडी अधिक मोठी झाली होती. धनश्री आमच्या ओट्यापर्यंत येई आणि आत न येता परत जाई. एकदा मीच उठून तिचा हात धरला आणि तिला आत आणून बसवलं.

दहावं झालं आणि फिरकेसाहेबांचा निरोप आला. मी गेले. तीन नंबरच्या दाराशी बायका जमल्या होत्या. उंबऱ्यावर हळदीकुंकवाचा थर, हार, उदबत्त्या. बाजूला संगमरवराचं लहानसं देऊळ आणून ठेवलं होतं, अजून पोत्यात गुंडाळलेलं.

“काकू, तुमच्याच हस्ते बसवायचं,” साहेब म्हणाले. ते फार आदराने बोलत होते. “लोक लांबून येऊ लागलेत. सरकारी चौकशीला येणाऱ्यांनाही मी तेच सांगितलं. हवेचं-बिवेचं काय, ते होतच असतं. नमस्काराला वाकल्या आणि प्राण गेला, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. तुम्ही सांगितलंत की कुणी दुसरं विचारणार नाही.”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. शेवंताच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला खरंच तसं वाटत होतं, हे मला कळत होतं. पंधरा दिवसांपूर्वी कुणा दुसऱ्या बाईचं असं ऐकलं असतं, तर मीच सगळ्यांत आधी नारळ घेऊन आले असते.

“जिजींनी नमस्कार केला नाही,” मी म्हणाले.

“काय म्हणालात?” मागच्या बायकांना ऐकू गेलं नव्हतं.

मग मी आवाज चढवला. इतका, की तो माझा मलाच परका वाटला.

“त्या पाया पडल्या नाहीत. त्या पडल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ती घंटा जाऊ नका, असं सांगत होती.”

साहेब जमिनीकडे बघू लागले.

“काकू,” शेवंता म्हणाली, “तुम्ही एवढ्या देवाधर्माच्या. आणि तुम्ही असं म्हणता?”

“म्हणून तर म्हणते,” मी म्हणाले.

आणि पदराच्या टोकाने उंबऱ्यावरचं कुंकू पुसायला मी खाली वाकले. मला वाकलेली पाहून मागे उभ्या असलेल्या बायकांनी हात जोडले.